सीट नंबर एक

खूप फिरलेलं माणूस अकाली गेलं की लोक एक ठरावीक वाक्य बोलतात. तुम्ही ते ऐकलं असेल, कदाचित कुणाला भेटायला गेल्यावर बोललाही असाल. “थोडं जगला, पण भरपूर जगला हो. केवढी दुनिया पाहिली त्याने!”

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. अशा वेळी शब्द सुचत नाहीत आणि हे वाक्य हाताशी असतं. माझा मामा गेला, तेव्हा तेरा दिवस रोज कुणी ना कुणी येऊन ते म्हणत होतं. मामा अडतीस वर्षांचा होता.

त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली. आज मी तुम्हाला त्याच्याबद्दल सांगणार आहे. त्याने काय काय पाहिलं याची यादी मात्र देत बसणार नाही. यादी मोठी आहे, पण त्या यादीत मामा सापडत नाही, हे मला गेल्या वर्षभरात कळलं.

मामा टूर मॅनेजर होता. आजोळ पुण्याचं, कंपनीही तिथलीच. वयाच्या तेविसाव्या वर्षी तो या कामाला लागला आणि पंधरा वर्षं तेच करत राहिला. हिमाचल, काश्मीर, राजस्थान, केरळ, रामेश्वर-कन्याकुमारी, काशी-प्रयाग, दार्जिलिंग, अंदमान. पुढे थायलंड, सिंगापूर आणि एकदा युरोपही. वर्षातले दोनेकशे दिवस तो घराबाहेर असायचा.

टूर मॅनेजर म्हटलं की फुकटात जग फिरणारा नशीबवान माणूस, असं आपल्याला वाटतं. तुम्ही कधी ग्रुप टूरला गेला असाल तर जरा आठवून बघा. पहाटे साडेचारला दार वाजवून तुम्हाला कोण उठवतं? हॉटेलात पोचल्यावर सगळ्यांना किल्ल्या मिळेपर्यंत काउंटरपाशी कोण उभं असतं? एकाला वरचा मजला नको, दुसऱ्याला लिफ्टशेजारची खोली नको, तिसऱ्याचा उपवास, चौथ्याला कांदा-लसूण चालत नाही. सगळे जेवून उठले की हा माणूस ताट घेतो आणि तोपर्यंत भाजी संपलेली असते. मामा म्हणायचा, “ताजमहाल मी पन्नास वेळा पाहिलाय, पण पाठ करून. माझं तोंड नेहमी गिऱ्हाइकांकडे.”

त्याची एक सवय मात्र आम्हा सगळ्यांना माहीत होती. तो माणसं मोजायचा. बस सुटण्याआधी पुढून मागे एकदा आणि मागून पुढे एकदा. लग्नात पंगतीत बसला तरी नजर फिरायची आणि बोटं हलायची. आई त्याला चिडवायची, “अरे, इथे कुणी हरवणार नाहीये!” त्यावर तो नुसता हसायचा.

आम्ही इंदूरला राहतो. बाबांच्या आजोबांपासून आमचं घर इथेच. त्यामुळे उज्जैन-ओंकारेश्वरची टूर असली की मामाचा ग्रुप एक रात्र इंदुरात मुक्कामाला यायचा. ग्रुप जेवून खोल्यांमध्ये गेला की रात्री दहाला मामा आमच्या दारात हजर. मग बाबांच्या स्कूटरवरून आम्ही तिघं सराफ्यात. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं असलेल्या त्या गल्लीत ती बंद झाल्यावर खाऊगल्ली भरते. भुट्ट्याचा कीस खाता खाता मामा मला विचारायचा, “भाचीबाई, शाळेत काय चाललंय?” आणि उत्तर ऐकता ऐकता फोनवर कुणाला तरी सांगायचा, “काका, गरम पाणी सकाळी पाचला सुरू होईल. हो, हो, मी स्वतः बघतो.” तास-दीड तासात तो परत जायचा. वर्षातून दोनतीनदा भेटणारा हा मामा मला माझ्या सगळ्या नातेवाइकांमध्ये जास्त जवळचा होता.

२०१९च्या डिसेंबरमध्ये राजस्थानची टूर संपवून तो पुण्याला परतला. तिसऱ्या दिवशी पहाटे छातीत दुखायला लागलं. रात्रीपासून जळजळत होतंच. “पित्त झालंय, टूरचं जेवण बाधलं,” असं म्हणून त्याने एक गोळी घेतली होती. मामीने रिक्षा बोलावली तेव्हा त्याला घामाने अंघोळ झाली होती. हॉस्पिटलच्या दारापर्यंतही तो पोचला नाही. त्याची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत मामाच्या वयाचे बरेच जण असतील. हृदयविकार आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा पाच ते दहा वर्षं लवकर गाठतो, असं डॉक्टर सांगतात. छातीत दडपण, डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारी कळ, थंड घाम, धाप, मळमळ यांतलं काही होत असेल तर पित्त समजून झोपून जाऊ नका. बायकांना कधीकधी छातीत फारसं दुखतही नाही, नुसता थकवा आणि मळमळ असते. पहिला तास फार मोलाचा असतो. १०८ किंवा ११२ ला फोन करा, ईसीजी काढा. पित्तच निघालं तर हसत घरी या. मामाच्या बॅगेत चाळीस माणसांची औषधं असायची. कुणाची बीपीची गोळी किती वाजता, हे त्याला तोंडपाठ होतं. स्वतःचं बीपी त्याने कधी मोजलं होतं, ते मामीलाही सांगता आलं नाही.

तर “भरपूर जगला”. या वाक्याचा राग मला तेव्हा आला नाही. तेव्हा काहीच कळत नव्हतं. राग आला तो आजीला. चौदाव्या दिवशी पाहुणे गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “दुनियेच्या आयांना काशीला घेऊन गेला. मला कुठे नेलं?”

ते खरं होतं. पंधरा वर्षांत आजी मामाबरोबर एकाही टूरला गेली नव्हती. सीझनमध्ये सीट रिकामी नसायची आणि सीझन संपला की मामा दमलेला असायचा. मग कधी आजोबांचं आजारपण, कधी मामाचं लग्न, कधी बाळंतपण. दर वर्षी तो म्हणायचा, “आई, पुढच्या वर्षी नक्की.” आजीने तेवढं एक वाक्य बोलून दाखवलं आणि त्यानंतर मामाचा विषयच बंद केला. कुणी काही विचारलं तर एवढंच म्हणायची, “देवमाणूस होता.” भिंतीवर हार घातलेला फोटो, त्याखाली ते दोन शब्द. संपलं.

इकडे जग पुढे चाललं होतं. मामा ज्या रस्त्यांची माहिती बसमध्ये माइकवर सांगायचा, ते रस्तेच बदलत गेले. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये रोहतांगखालून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. २०२१च्या डिसेंबरमध्ये काशी विश्वनाथाच्या भोवतालच्या अरुंद गल्ल्यांच्या जागी गंगेपर्यंतचा मोकळा मार्ग झाला. २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या उज्जैनला महाकाल लोक उभं राहिलं. रामेश्वरला जाणारा १९१४चा जुना पांबन पूल आधी बंद झाला आणि २०२५च्या एप्रिलमध्ये शेजारीच नवा पूल सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये चिनाबवरच्या पुलावरून श्रीनगरला रेल्वे गेली. अशी प्रत्येक बातमी आली की माझ्या मनात यायचं, मामाला हे माहीत नाही. तुमचं कुणी गेलं असेल तर ही भावना तुम्हाला ओळखीची असेल. माणूस एका तारखेला थांबतो आणि बातम्या येतच राहतात.

मामाची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला शाळेत ‘माझे बाबा’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. बाईंनी समजूतदारपणे तिला सांगितलं होतं, “तू आईवर लिहिलंस तरी चालेल.” पण तिला बाबांवरच लिहायचं होतं. तिने आजीला विचारलं. आजी म्हणाली, “देवमाणूस होता.” मामीला विचारलं. मामी म्हणाली, “खूप फिरायचे. सगळा भारत पाहिला होता त्यांनी.” मग तिने मला फोन केला. “ताई, बाबा सगळीकडे गेले होते हे माहितीये मला. पण तिथे जाऊन ते करायचे काय?”

मला उत्तर देता येईना. मी इंग्रजी साहित्यात बीए केलंय, पोटापाण्यासाठी रोज काही ना काही लिहिते. महिन्यातून दोनतीन तरी पर्यटनाचे लेख माझ्या हातून जातात. ‘मनालीत बघण्यासारखी दहा ठिकाणं’ मी झोपेतही लिहीन. पण मनालीत मामा काय करायचा, ते मला कुठे माहीत होतं? सराफ्यातला तास-दीड तास सोडला तर कामावरचा मामा मी पाहिलाच नव्हता. घरातल्या कुणीच पाहिला नव्हता.

दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा मामीने माळ्यावरून एक बॅग काढून दिली. त्यात अकरा डायऱ्या होत्या. औषधांच्या दुकानात नव्या वर्षाला वाटतात तशा, खिशात मावणाऱ्या. मला वाटलं होतं, प्रवासवर्णन असेल. एका पानावरही कुठल्या डोंगराचं किंवा सूर्यास्ताचं नाव नव्हतं. पानोपानी माणसं होती, सीट नंबरनुसार.

“सीट ७. काकू. साखर. दर दोन तासांनी काहीतरी खायला.”
“सीट १२. उजवा गुडघा. खोली तळमजल्यावर.”
“सीट १९. एकटे. मिसेस मार्चमध्ये गेल्या. जेवताना सोबत बसायचं.”
“सीट २१-२२. एकमेकांशी बोलत नाहीत. टेबल वेगळं द्यायचं नाही!”

शेवटच्या उद्गारचिन्हापाशी मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. बऱ्याच नावांपुढे मोबाईल नंबर होते. मी शंभरेक नंबर कागदावर उतरवले आणि इंदूरला परतल्यावर रोज संध्याकाळी काम संपलं की पाच-सहा फोन करायचं ठरवलं.

काय बोलायचं ते ठरवून घेतलं होतं. “नमस्कार, तुम्ही अमुक साली अमुक टूरला गेला होतात. तुमच्या टूर मॅनेजरची मी भाची.” कित्येक नंबर बंद होते. काही दुसऱ्याच कुणाचे झाले होते. काही ठिकाणी मुलाने किंवा सुनेने फोन उचलून सांगितलं, “आई गेल्या वर्षी गेल्या.” तिथे मग आम्ही दोघंही दोन मिनिटं काहीबाही बोलायचो. पण एकतीस जण मला सापडले. त्यांतल्या पुष्कळांना मामा गेल्याचं ठाऊकच नव्हतं. ते मलाच सांगावं लागलं.

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिका रामेश्वरला गेल्या होत्या. तिथल्या मंदिरात बावीस तीर्थं आहेत. एकेका विहिरीपाशी जाऊन अंगावर बादलीभर पाणी घ्यायचं आणि बावीस झाली की कोरडे कपडे घालून दर्शनाला जायचं. बाई दहाव्या-बाराव्या तीर्थापाशी थकल्या. ओल्या लुगड्यात पाय उचलेना. “तुझा मामा कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. प्रत्येक विहिरीपाशी खुर्ची मांडायचा, मला बसवायचा, पाणी झालं की खुर्ची उचलून पुढे. दहा विहिरी! मी म्हटलं, अरे, राहू दे, बारा झाली तेवढी पुण्याई पुरे. तर म्हणतो, काकू, अर्धवट बिल कंपनी पास करत नाही.”

ठाण्याचं एक जोडपं मनालीला गेलं होतं. रोहतांगच्या वाटेवर बाईंना धाप लागली, डोकं दुखायला लागलं. रोहतांग जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर आहे. तिथली हवा इतकी विरळ की तिचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशही नसतो. नवऱ्याचं म्हणणं, एवढे पैसे भरलेत, आता बर्फापर्यंत जाऊच. मामाने ऐकलं नाही. ग्रुपला वाटाड्याबरोबर पुढे पाठवलं आणि या दोघांना घेऊन दुसऱ्या गाडीने खाली उतरला. काका फोनवर म्हणाले, “मी त्याला वाटेल ते बोललो. कंपनीत तक्रार करीन म्हणालो. तो म्हणाला, करा काका, पण काकूंना घेऊन करा. बर्फ पुढच्या वर्षीही असतो.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “किती वर्षांचा होता गं?”

नाशिकच्या एका काकूंनी तर आमच्या घरात कुणालाच माहीत नसलेली गोष्ट सांगितली. मामाला उंचीची भीती वाटायची! ऋषिकेशचा लक्ष्मणझुला माणसांच्या वर्दळीने हलायचा. मामा म्हणे सगळ्यांना पुढे काढून शेवटी निघायचा, खाली अजिबात बघायचा नाही, समोरच्याच्या पाठीवर नजर ठेवून चालायचा. काकूंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी त्याचा हात धरला. “पलीकडे पोचल्यावर मला म्हणाला, काकू, ग्रुपमध्ये सांगू नका, माझ्या भरवशावर आलेत सगळे.”

एक पुण्याचे काका मात्र सरळ म्हणाले, “तुझा मामा तापट होता.” मी कान टवकारले. अमृतसरहून अटारीच्या सीमेवर झेंडे उतरवण्याचा सोहळा बघायला जायचं होतं. तिथे वेळेत पोचलं तरच बसायला धड जागा मिळते. काका फुलकारीची ओढणी घ्यायला थांबले आणि बसपाशी चाळीस मिनिटं उशिरा आले. मामा सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडला. “मला फार लागलं. रात्री खोलीत चहा घेऊन आला, माफी मागितली. म्हणाला, तुम्ही दिसेनात तेव्हा मी घाबरलो होतो, म्हणून आवाज चढला. पण उशीर करायचा नाही काका.” काका हसले. “माफी मागता मागताही मला झापलंच त्याने.”

बघा, यांतल्या एकानेही रामेश्वरचं मंदिर कसं आहे, रोहतांगवर बर्फ किती होतं, हे मला सांगितलं नाही. मी मामाबद्दल विचारलं होतं हे खरं, पण मला आणखी काही वाटतं. आपण प्रवासातून परत येतो तेव्हा डोंगर आणि देवळं फोटोत राहतात. आपल्या आत राहतं ते कुणीतरी आपल्यासाठी उचललेली खुर्ची, कुणीतरी धरलेला हात, एखादं भांडण. मामाने किती जग पाहिलं, हे बहुधा त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने माणसं पाहिली होती, चाळीस-चाळीसच्या गटाने, पंधरा वर्षं.

ज्याने एवढी माणसं पाहिली, तो “भरपूर जगला” म्हणून त्याचं जाणं सुसह्य होत नाही. उलट आणखी किती विहिरींपाशी खुर्ची मांडली गेली असती, असं वाटून जास्त लागतं. तेव्हा अकाली गेलेल्या माणसाच्या घरी तुम्ही गेलात तर त्याच्या आयुष्याचा हिशेब करू नका. तुम्हाला त्याची एखादी गोष्ट आठवत असेल तर ती सांगा. लहानशीच असेल, हसू येण्यासारखी असेल, तरी सांगा. घरच्यांना ती माहीत नसण्याची शक्यताच जास्त असते.

मी हे सगळं एका दोनशे पानी वहीत लिहून मामेबहिणीला पाठवलं. एका पानावर एक गोष्ट. सांगलीच्या बाईंची पाठवली, नाशिकच्या काकूंची पाठवली आणि पुण्याच्या काकांचीही पाठवली. मामीला आधी ती शेवटची नको होती. “ओरडले होते हे कशाला सांगायचं?” पण मुलीला तीच सगळ्यांत आवडली. दोनदा वाचून घेतली. “म्हणजे बाबा रागवायचे? आणि मग सॉरी म्हणायचे?” दुसरी आवडती गोष्ट लक्ष्मणझुल्याची. जत्रेतल्या पाळण्यात बसायला तिला भीती वाटते, वर्गातल्या मुली चिडवतात. आता ती त्यांना सांगते, “माझ्या बाबांनापण वाटायची. तरी ते जायचे.”

देवमाणसाची मुलगी होणं अवघड असतं. तापट, भित्र्या आणि खुर्ची उचलून धावणाऱ्या माणसाची मुलगी होणं तिला जमेल, असं मला वाटतं.

आता शेवटच्या डायरीबद्दल. ती २०१९ची होती आणि मी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती. राजस्थानच्या टूरनंतर बरीच कोरी पानं होती. अगदी शेवटच्या पानावर पुढच्या एका टूरची कच्ची यादी होती. “काशी-प्रयाग, २० मार्च.” खाली अजून चार-पाचच नावं होती. पहिलं नाव असं होतं:

“सीट १. आई. पायऱ्या जमत नाहीत. खालची बर्थ. घाट होडीतून दाखवायचे.”

मी ते पान फोटो काढून पाठवलं नाही. पुन्हा पुण्याला गेले आणि आजीच्या हातात डायरीच दिली. तिने चष्मा लावला, पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “वीस मार्च म्हणजे ते लॉकडाऊन लागलं तेव्हाच ना?”

“हो आजी. पाचच दिवसांनी.”

“म्हणजे निघालो असतो तर तिकडेच अडकलो असतो की दोघं!” आणि ती हसली. मामा गेल्यापासून त्याच्या विषयावर मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “बरं झालं असतं अडकलो असतो तर.”

त्या संध्याकाळी आजी बोलायला लागली. मामा सात वर्षांचा असताना पर्वतीवर जत्रेच्या गर्दीत हरवला होता. तासाभराने सापडला तो एका फुगेवाल्याजवळ. रडून रडून डोळे सुजलेले. त्यानंतर कितीतरी महिने तो झोपताना घरातली माणसं मोजायचा. आई, बाबा, ताई, मी. चार. मग झोपायचा. माझ्या आईलाही हे आठवत नव्हतं. आम्ही सगळे ज्या सवयीला आयुष्यभर हसलो, तिचं मूळ एकट्या आजीला माहीत होतं आणि ती सहा वर्षं गप्प होती.

या फेब्रुवारीत आम्ही काशीला जाऊन आलो. आजी, मामी, मामेबहीण, माझी आई आणि मी. कंपनीच्या टूरने नाही, आमच्या आम्हीच. आजीला खालची बर्थ घेतली. पायऱ्या तिला जमत नाहीत, म्हणून घाट होडीतून दाखवले. चौऱ्याऐंशी घाट आहेत म्हणतात, आम्ही निम्मेच पाहिले. विश्वनाथाचं आताचं मंदिर १७८० मध्ये आमच्या होळकरांच्या अहिल्याबाईंनी बांधलं. नव्या आवारात त्यांचा पुतळा आहे. आजी त्याच्यासमोर थांबली आणि मला म्हणाली, “तुमच्या गावच्या ना या? बाईने पोरगा गेल्यावरही केवढी कामं केली बघ.” मी काही बोलले नाही. दशाश्वमेधावरची आरती संपून गर्दी हलायला लागली तेव्हा मामेबहीण आमच्यापुढे उभी राहिली आणि बोटाने एकेकीला मोजलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्याही घरी असं कुणी असेल. मर्चंट नेव्हीत असलेला काका, ट्रक चालवणारा भाऊ, फौजेत बदल्या होत होत देशभर फिरलेले वडील, नर्स म्हणून परदेशी गेलेली मावशी. ते माणूस असेल तर आजच त्याला विचारा. “कुठे कुठे गेलास?” असं विचारू नका, त्याला गावांची नावं मिळतात. “तिथे तुझा दिवस कसा जायचा? कुणाबरोबर जेवायचास? घाबरलास कधी?” असं विचारा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आवाज राहतो, ही लहान गोष्ट नाही. आमच्याकडे मामाचा एकही आवाज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे सगळे मेसेज “पोचलो”, “निघालो”, “जेवलीस का” असे लिहिलेले आहेत.

आणि ते माणूस गेलं असेल तर त्याच्याबरोबर काम केलेल्या, प्रवास केलेल्या लोकांना शोधा. जुनी डायरी, फोनमधले नंबर, लग्नाच्या आहेराची वही, काहीही चालेल. सुरुवातीला अवघड वाटेल. अनोळखी माणसाला फोन करून “तुम्हाला माझा मामा आठवतो का?” असं विचारताना माझाही घसा दाटून यायचा. पण एकतीस जणांपैकी एकानेही फोन ठेवला नाही. उलट शेवटी बहुतेकांनी एकच विचारलं, “त्याची मुलगी कशी आहे?”

सगळ्यात आधी मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. ती “देवमाणूस होता” म्हणून विषय बंद करतील. बंद करू देत. चहा ठेवा, तिथेच बसून राहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. मला मामाची सगळ्यात मोठी गोष्ट जिच्याकडून मिळाली, ती त्याच्याबरोबर एकाही टूरला गेली नव्हती.